तीन पेडल, दोन पाय: हील-अँड-टो नेमकं कशासाठी?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)

गाडी चालवता चालवता हे ऐकत असाल तर थांबवा आणि घरी गेल्यावर ऐका. आज पायांबद्दल बोलायचंय, आणि मला माहितीये, ऐकता ऐकता तुमचा उजवा पाय चुळबुळ करायला लागणार.

प्रश्न बऱ्याच जणांचा आहे. रीलमध्ये दिसतं ना, कॅमेरा खाली पेडलवर लावलेला असतो, ड्रायव्हर उजव्या पायानं ब्रेक दाबून धरतो आणि त्याच पायाच्या कडेनं ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारतो. इंजिन ओरडतं, गिअर खाली येतो, लाइकचा पाऊस. याला हील-अँड-टो म्हणतात. हील म्हणजे टाच, टो म्हणजे पायाची बोटं. "दादा, हे आपल्या स्विफ्टमध्ये जमेल का? बोलेरोत जमेल का? आणि जमलं तर फायदा काय?" यातला तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, पण तो फार थोड्यांनी विचारला.

मी हसनाबादचा. जालना जिल्हा, भोकरदन तालुका. आमच्याकडे रेसचा ट्रॅक नाही. कापूस, मका, सोयाबीन, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी स्पीडब्रेकर. काहींवर पांढरे पट्टे असतात, काहींवर नसतात, रात्री तर अंदाजानंच ओळखायचे. मग रेसवाल्यांच्या या कलेचं इथं काय काम?

सांगतो. मी भाड्याची गाडी चालवतो. लग्नसराईत वऱ्हाड असतं, एरवी राजूरच्या गणपतीला जाणारी माणसं असतात, आणि बारा महिने असतात ते पेशंट. छत्रपती संभाजीनगरला घाटी दवाखान्यात न्यायचे, आठ-दहा दिवसांनी परत आणायचे. पोटाचं ऑपरेशन झालेली बाई मागच्या सीटवर उशी पोटाशी धरून बसलेली असते. तुम्ही तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि क्लच पटकन सोडला की गाडीला जो हिसका बसतो ना, तो तिला थेट टाक्यांवर बसतो. ती काही बोलत नाही. उशी आणखी घट्ट धरते. आरशात दिसतं ते. तिथून गावापर्यंत स्पीडब्रेकर किती, ते मोजायला मी कधी गेलो नाही, पण प्रत्येकाला गिअर खाली आणि मग वर.

आता हा हिसका येतो कुठून, ते आधी बघू. एवढं कळलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं.

एक आकडा घ्या. स्विफ्टसारखी छोटी पेट्रोल गाडी, तिसरा गिअर, वेग ताशी ४०. इंजिन मिनिटाला साधारण २००० फेरे फिरतं. आता वेग तोच ठेवून दुसरा गिअर टाकला तर इंजिनला फिरावं लागतं साधारण ३०००. कारण दुसऱ्या गिअरला चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे जास्त लागतात. पण गिअर बदलताना तुम्ही क्लच दाबलेला असतो, ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, म्हणजे इंजिन २००० वरून खाली यायला लागलेलं असतं. जायचंय ३००० ला, आणि ते निघालंय उलट्या दिशेला. मग तुम्ही क्लच सोडता. आता हे हजारावर फेरे कुणीतरी द्यायलाच पाहिजेत. तुम्ही दिले नाहीत तर चाकं देतात. चाकं स्वतःचा वेग खर्च करून इंजिनला ओढून वर नेतात, क्लच प्लेट मधल्यामध्ये घासते, गाडी पुढच्या बाजूला दबते, आणि मागची बाई उशी घट्ट धरते.

तेच फेरे तुम्ही पायानं दिले तर? क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला एक छोटी टिचकी. इंजिन ३००० ला गेलं, त्या क्षणी क्लच सोडला. दोन्ही बाजू एकाच वेगानं फिरतायत, जोडले गेले, कुणाला कळलंसुद्धा नाही. याला रेव्ह मॅचिंग म्हणतात. आपल्याकडचे ड्रायव्हर 'रेस देऊन गिअर घेणं' म्हणतात, आणि मला हेच नाव जास्त आवडतं.

मंडळी, हील-अँड-टोमधलं नव्वद टक्के काम हेच आहे. टाच आणि बोटांची कसरत ही उरलेली दहा टक्के. रीलमध्ये मात्र कॅमेरा त्या दहा टक्क्यांवरच लावलेला असतो.

आमच्या गल्लीत एक रिटायर झालेले एसटीचे ड्रायव्हर आहेत. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. मी त्यांना मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला आणि म्हणाले, "ह्यात नवं काय रे? आमच्या वेळी रेस दिल्याशिवाय गिअर पडतच नव्हता."

खरं आहे ते. जुन्या ट्रक-बसच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नसायचं. सिंक्रोमेश म्हणजे आतल्या पितळी रिंगा, ज्या गिअरचे दात एकमेकांत जायच्या आधी दोघांचा वेग घासून घासून सारखा करतात. त्या नसल्या की ते काम ड्रायव्हरनं करायचं. नाही केलं तर खर्रर्र असा आवाज, आणि अख्खी गाडी ड्रायव्हरकडे बघायची. म्हणून डबल क्लच. अण्णांनी बाजेवर बसल्या बसल्या करून दाखवलं, हवेत पाय हलवत. "क्लच दाब. न्यूट्रल. क्लच सोड. रेस दे. परत क्लच दाब. आता खालचा गिअर. बघ, लोण्यात सुरी." मी विचारलं, "अण्णा, रेस किती द्यायची ते कसं कळायचं? मीटर होतं का?" तर म्हणाले, "मीटर कसलं? कान होते की."

एसटी सुरू झाली १ जून १९४८ ला, पुणे ते नगर, बेडफर्डच्या गाड्यांवर. तिथून पुढं कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या घाटाघाटांतून माणसं वर-खाली झाली ती अशा कानांच्या भरवशावर. कुणी त्याचं रील काढलं नाही. आणि गंमत म्हणजे जुना ट्रॅक्टर चालवलेल्या पोरांनाही यातलं अर्धं माहिती असतं. चालत्या ट्रॅक्टरचा गिअर बदलायला गेलं की तो कसा खरखरतो, ते हातानं अनुभवलेलं असतं.

आजच्या गाडीत सिंक्रोमेश आहे, त्यामुळे डबल क्लचची गरज नाही. सिंक्रो गिअरचे दात जुळवून देतो. पण एक लक्षात घ्या, तो गिअरबॉक्सच्या आतलं जुळवतो, इंजिन नाही जुळवत. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच आहे, आणि ती जुळणी अजूनही तुमच्या पायाकडेच आहे.

मग हील-अँड-टो कुठं आलं? साधा हिशोब आहे. पेडल तीन, पाय दोन. डावा क्लचवर. उजवा ब्रेकवर, कारण समोर वळण आहे किंवा स्पीडब्रेकर आहे. आता रेस कोण देणार? उजवा पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरला टिचकी मारून परत ब्रेकवर आणला तर मधल्या क्षणात ब्रेक सुटतो. गाडीचं नाक वर येतं, मग परत खाली जातं. मागच्या माणसाची मान आधी मागं, मग पुढं. म्हणून उजवा पाय ब्रेकवरच ठेवायचा आणि त्याची बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर टेकवायची. ब्रेकचा दाब तसाच, रेसची टिचकी वेगळी.

नावात टाच आहे म्हणून टाचच लावली पाहिजे असं काही नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत पंजाची आतली बाजू, म्हणजे अंगठ्याखालचा जाड भाग, ब्रेकवर राहतो आणि घोटा उजवीकडे कलता करून करंगळीकडची कड ॲक्सिलरेटरला लागते. काहींचा पाय लहान, पेडलमधलं अंतर जास्त, ते टाच वळवतात. दोन्ही चालतं. आयर्टन सेनाचा जुना व्हिडिओ आहे, जपानच्या सुझुका ट्रॅकवर होंडा एनएसएक्स चालवतानाचा. पायात रेसचे बूट नाहीत, साधे लोफर आणि पांढरे मोजे. बघा कधीतरी. माझ्या मते या विषयावर त्याच्यापेक्षा चांगला मास्तर नाही, आणि तो एक शब्द बोलत नाही. पुढं रेसमध्येच याची गरज कमी होत गेली. १९८९ मध्ये फेरारीनं फॉर्म्युला वनमध्ये स्टेअरिंगमागच्या पट्टीनं गिअर बदलणारी गाडी आणली, नायजेल मॅन्सेलनं ब्राझीलची पहिलीच रेस तिच्यावर जिंकली, आणि क्लचचं पेडल हळूहळू तिथून निघूनच गेलं. रस्त्यावरच्या गाड्यांत निस्साननं २००८ च्या शेवटी दाखवलेल्या ३७०झेडमध्ये मॅन्युअल गिअर असूनही रेस गाडीच स्वतः देऊ लागली. आणि आपल्याकडं २०१४ ला सेलेरिओ एएमटी आली, तिच्यात तर क्लचच मशीन दाबतं. एएमटीवाले मित्र, तुम्ही हा भाग फक्त मजा म्हणून ऐका.

आता रीलमध्ये न सांगितलेली गोष्ट. तुम्ही आज संध्याकाळी स्विफ्टमध्ये बसून प्रयत्न केलात तर पाय पोचणार नाही. याचं कारण तुमच्या पायात नाही. साध्या गाडीत ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा उंच असतं. रेसवाला ब्रेक जोरात दाबतो, पेडल खाली जातं, दोन्ही एका पातळीला येतात, मग कड सहज लागते. आपण रस्त्यावर ब्रेक दाबतो हलका. पेडल वरच राहतं, ॲक्सिलरेटर खोल खाली. घोटा वाकवून वाकवून दुखेल. म्हणजे जिथं हे सोपं जातं तिथं वेग फार असतो, आणि जिथं वेग बेताचा असतो तिथं हे अवघड जातं. शिवाय काही नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले तर कॉम्प्युटर ॲक्सिलरेटरचं ऐकतच नाही, सुरक्षेसाठी. तुमच्या गाडीत तसं असेल तर कितीही टिचक्या मारा, इंजिन गप्प.

मग मी काय करतो, ते सांगतो. स्पीडब्रेकर लांबून दिसला की तिसऱ्यातच राहून आधी ब्रेक, शांतपणे. वेग ४० वरून २५ वर येऊ देतो. आता २५ ला तिसऱ्यात इंजिन १३०० च्या आसपास असतं आणि दुसऱ्यात हवं असतं १९००. म्हणजे फरक हजारावरून सहाशेवर आला. क्लच दाबतो, दुसरा टाकतो, रेसचा हलकासा स्पर्श, क्लच सावकाश वर. जितका उशिरा गिअर खाली घ्याल तितकी कमी रेस द्यावी लागते. पेशंट असेल तर हेच. घोटा वाकवायची गरजच पडत नाही.

घाटात मात्र गणित बदलतं. आमच्याकडून सिल्लोडवरून जळगावकडे निघालात की अजिंठा गाव सोडल्यावर घाट लागतो आणि खाली फर्दापूर येतं. दुसरा कन्नडचा, चाळीसगावकडे उतरणारा, ज्याला औट्रम घाट म्हणतात. जेम्स औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून. या घाटांत अजून एक जुनी खोड चालू आहे, न्यूट्रल मारून उतरायची. डिझेल वाचतं म्हणे. मंडळी, आजच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल-पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला तेल लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर इंजिनचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापले की पकड कमी होते, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल स्पंजासारखं खाली जातं. त्या क्षणी तुम्हाला गिअर आठवतो, आणि तेव्हा गाडी इतकी पळत असते की खालचा गिअर नीट बसत नाही. बसवलाच तर दुसरं संकट.

ते संकट नीट समजून घ्या, कारण रस्त्यावर रेस देऊन गिअर घ्यायचं शिकण्याचं खरं कारण ते आहे. पावसात, ओल्या उतारावर, तुम्ही रेस न देता खालचा गिअर टाकून क्लच सोडला तर चाकांना अचानक इंजिन ओढायला लागतं. ओल्या रस्त्यावर तेवढी पकड नसते. चाक क्षणभर घसरतं, हँडब्रेक ओढल्यासारखं. स्विफ्टसारख्या गाडीत ताकद पुढच्या चाकांना जाते, तेव्हा स्टेअरिंग ऐकत नाही. बोलेरो, ईको यांची ताकद मागच्या चाकांना, तेव्हा गाडीची शेपूट बाजूला जाते. आणि "माझ्याकडं एबीएस आहे की" असं म्हणणाऱ्यांसाठी: एबीएस ब्रेक सोडून चाक मोकळं करतं. इथं चाक ब्रेकनं अडवलेलंच नाही, इंजिननं अडवलंय. साधं एबीएस ते सोडवू शकत नाही. ते सोडवतो तुमचा क्लचवरचा पाय, किंवा आधीच दिलेली ती टिचकी.

म्हणून घाटाचा माझा नियम अण्णांचाच आहे. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर, गिअर पाडून घ्यायचा. वर चढताना जो गिअर लागला असता साधारण तोच उतरताना. घाटाच्या मध्यात गिअर बदलायची वेळ आलीच तर वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यात, रेस देऊन. वळणात गिअरला हात लावायचा नाही. हील-अँड-टो येत असेल तर इथं त्याचा उपयोग होतो, कारण उतारावर ब्रेक सोडणं परवडत नाही. पण येत नसेल तर घाट ही शिकायची जागा नाही.

शिकायचं कुठं मग? गाडी अंगणात उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू. चालूच ठेवा, कारण बंद इंजिनला ब्रेक दगडासारखा होतो आणि अंदाज येत नाही. दार उघडं असू द्या, पुढं पोरंबाळं नसू द्या. ब्रेक दाबून धरा आणि घोटा कलता करून टिचक्या मारा. लक्ष टिचकीवर ठेवू नका, ब्रेकवर ठेवा. टिचकी मारताना ब्रेकचा दाब वाढतोय का कमी होतोय, ते पायाला कळलं पाहिजे. आठवडाभर रोज पाच मिनिटं. याच दिवसांत सकाळी मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागं-पुढं कुणी नसताना, ब्रेकला हातच न लावता... पायच न लावता म्हणायचंय, ताशी ४० ला तिसऱ्यातून दुसऱ्यात रेस देऊन उतरायचं. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला विचारू नका, त्याच्या मानेकडं बघा. मान हलली नाही की समजा जमलं. हे दोन्ही वेगवेगळे जमल्याशिवाय एकत्र करू नका. दोन आठवडे लागोत नाहीतर दोन महिने.

एक कडक सूचना. चौथ्यातून पाचवा टाकताना हात चुकून तिसऱ्यात गेला, किंवा ८० ला थेट दुसरा टाकला, तर इंजिन लाल रेषेच्या वर जाऊ शकतं आणि रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. लिमिटर इंधन तोडतो. पण इंजिनला चाकंच फिरवत असतील तर तोडून काय होणार? व्हॉल्व्ह वाकतात. डिझेलवाल्यांनी जास्त जपायचं, कारण डिझेलची लाल रेषा साडेचार-पाच हजारांच्या आसपासच येते. आणि डिझेल इंजिन जड असतं, रेस चढायला वेळ घेतं, त्यामुळे बोलेरोत टिचकी थोडी आधी आणि थोडी लांब. जमतं, फक्त चाल संथ आहे तिची.

आणि समोर अचानक बैल आला, पोरगं आलं, तर हे सगळं विसरायचं. पूर्ण ब्रेक, क्लच दाबायचा, बस. तिथं घोटा कलता करत बसलात आणि पाय ॲक्सिलरेटरवर घसरला तर पुढचं मी बोलत नाही. रस्त्यावर कुणाशी शर्यत लावायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ त्यासाठीच आहे. खरंच वेगात करून बघायचं असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आहे, कोइम्बतूरला कारी स्पीडवे आहे. लांब आहे, मान्य.

एकानं विचारलं होतं की गिअरनं गाडी हळू केली तर ब्रेकचे पॅड वाचतात ना? वाचतात. पण रेस न देता तसं केलंत तर क्लच प्लेट घासते. पॅड बदलायला मेकॅनिक चाक काढतो. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवतो. बिल कुणाचं मोठं, ते तुमच्या मेकॅनिकला विचारा.

शेवटचं, चपलेबद्दल. रबरी स्लिपर पेडलखाली दुमडते, जाड तळव्याच्या बुटात पेडल कळत नाही. पातळ, सपाट, घट्ट बसणारं काहीतरी घाला. अण्णा तर चप्पल काढून सीटखाली सरकवायचे, पण ती सरकून पुढं ब्रेकखाली येऊ शकते, म्हणून मी ती मागं ठेवतो. आणि ड्रायव्हरच्या पायाखालची ती जाड, सरकणारी मॅट, दुकानदारानं फुकट दिलेली, ती आजच काढून बघा पेडलच्या किती जवळ येते.

चला, प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.